पिठाचा कोंबडा आणि वीस पैलूंचा फासा

मे महिन्यात लेक पुण्याहून बेळगावला आली ती दोन मैत्रिणी आणि एक जाडजूड पुस्तक घेऊन. तिसरी मैत्रीण ऐन वेळी गळाली. खेळायला निदान तिघी हव्यात आणि खेळ चालवायला चौथी, म्हणून मला ओढून बसवलं. "आई, बस की गं. काही कठीण नाही. फासा टाकायचा, एवढंच." आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळे पुढची संध्याकाळ मोठी लांबलचक असते. टेबल पुसून घेतलं आणि बसले.

माझ्या हातात एक कागद आला. त्यावर एक बाई होती, म्हणजे आकड्यांत होती. ताकद इतकी, चपळाई इतकी, अंगावर चिलखत, हातात तलवार. खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. एका गुहेत आम्ही शिरलो, समोरून चार गॉब्लिन आले, म्हणजे ठेंगणे, काटक, राक्षसकुळातले म्हणा. माझी पाळी आल्यावर मी वीस पैलूंचा फासा टाकला, सतरा पडले. "लागला!" मग आठ पैलूंचा टाकला, पाच पडले, त्यात ताकदीचे तीन मिळवले, आठ झाले. गॉब्लिनकडे सात 'हिट पॉइंट' होते, तो मेला. पोरींनी टाळ्या वाजवल्या. एका गॉब्लिनचे पन्नास अनुभव-गुण मिळतात, असंही कळलं.

मी विचारलं, "त्याचं म्हणणं काय होतं?"

"कुणाचं?"

"त्या मेलेल्याचं. तो तिथं राहत होता ना? आपणच त्याच्या घरात शिरलो."

लेक वैतागली. "आई, ते नुसते आकडे आहेत गं."

बरं म्हटलं. थोड्या वेळानं गुहेबाहेर मुक्काम पडला, तेव्हा मी सहज बोलून गेले की माझी ही बाई कुणाची कोण, घरी कुणी आहे का हिचं, तलवार धरायला हिला कुणी शिकवलं असेल. लेक एकदम खूश. "हां! असंच पात्रात शिरायचं असतं. आता तुला जमायला लागलं." यावर मला गप्प राहवेना. मघाशी आकडे होते, आता पात्र कसं झालं? बाई खरी असेल तर तिनं मारलेला गॉब्लिनही तेवढाच खरा. आणि तो नुसता आकडा असेल तर हीसुद्धा आकडाच, मग हिचं माहेर कशाला विचारायचं?

हे माझ्या डोक्यात का बसलं ते तुम्हाला सांगायला नको. यशोधर राजाची गोष्ट आपल्यातल्या बहुतेकींनी लहानपणी ऐकलेली आहे. आमच्या सीमाभागात ती कानडीतून आली आणि मराठीतूनही; जन्न कवीनं १३ व्या शतकात कानडीत ती सांगितलेली आहे. राजाला आई बळी द्यायला सांगते, राजा जिवंत प्राणी मारायला तयार नाही, म्हणून तडजोड निघते ती पिठाच्या कोंबड्याची. पीठच ते, त्याला कुठं जीव आहे? पण राजानं तलवार उगारली ती मारायच्या भावनेनं, आणि पुढं त्याला न् त्याच्या आईला जन्मामागून जन्म जनावरांच्या योनीत काढावे लागले. आमची आज्जी सांगायची, कोंबडा इतका हुबेहूब झाला होता की तलवार पडताच तो आरवला. तिथं आम्ही पोरं हटकून शहारायचो. फळं बिळं ऐकायला आम्हाला धीर नसायचा, आरवल्याचंच ऐकायचं असायचं.

तर माझा प्रश्न असा की या खेळात कोंबडा आरवतो का. पाप लागेल का हा प्रश्न निराळा, तो मी महाराजांना विचारीन. इथं मला खेळ म्हणून विचारायचं आहे. नियमाचं यंत्र चालू असताना पात्र जिवंत होतं की मरतं? त्या मेपासून या खेळांबद्दल मिळेल ते वाचत आले आणि जमेल तेव्हा खेळतही आले. हा लेख त्याबद्दल.

ज्यांनी हे खेळ पाहिलेच नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. भातुकली आपण सगळ्या खेळलोय. तिथं मी आई, तू पाहुणी, हे दगड म्हणजे लाडू. नियम नाही, हरणं-जिंकणं नाही, नुसतं सोंग. आणि सारीपाटही खेळलोय. तिथं फासे, घरं, सोंगट्या, सगळे नियम. पण सोंगटीला कुणी विचारत नाही की बाई गं, तुला मरताना काय वाटलं. भातुकली आणि सारीपाट एका टेबलावर मांडले की हा खेळ तयार होतो. एक जण गोष्ट पुढं नेतो, बाकीचे एकेक पात्र होऊन आपण काय करतो ते सांगतात, आणि जिथं 'लागली–नाही लागली' असा वाद होईल तिथं फासा निवाडा करतो. चोर-पोलीस खेळताना "तू मेलास" "नाही मेलो" करून ज्यांच्या पोरांनी अंगण डोक्यावर घेतलं असेल, त्यांना फाशाची गरज लगेच कळेल.

याचं बीज अमेरिकेत, लष्करी डावपेचांच्या खेळात आहे. टेबलावर शिशाचे छोटे सैनिक मांडून लढाया खेळणारी हौशी मंडळी होती. त्यांतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला, एका खोक्यात तीन बारक्या पुस्तिका. पलटणीच्या जागी एकेक माणूस आला, पण हिशेब पलटणीचाच राहिला. हिट पॉइंट हा त्या हिशेबाचाच वारसा. बघा ना, चाळीस हिट पॉइंट असलेल्या योद्ध्याचे एकोणचाळीस गेले, एकच उरला, तरी त्याची तलवार तेवढ्याच जोरात चालते. शेवटचा एक गेला की मात्र तो कोसळतो. मधलं सगळं, म्हणजे दुखणं, भीती, घरची आठवण, हिशेबात कुठं येतच नाही. पहिल्या आवृत्त्यांत अनुभव वाढायचा तो राक्षस मारून आणि सोनं लुटून. एका मोहरेला एक अनुभव-गुण. आपल्याकडच्या सावकारी वहीसारखं सरळ गणित. लेक म्हणाली ते खरंच होतं, ते नुसते आकडे होते. माझा कोंबडा आरवला नाही त्याचं कारण तो पिठाचाही नव्हता, वजाबाकीचा होता.

यावर या खेळाच्या लोकांत पन्नास वर्षं वाद चालू आहे आणि त्यात दोन टोकं आहेत. एका बाजूचे म्हणतात, नियम काढून टाका, पात्रात शिरायचं तर मध्ये यंत्र नको. १९९१ साली 'अँबर' नावाचा खेळ आला, त्यात फासेच नाहीत. फिनलंडमधल्या तुर्कू शहरातल्या एका गटानं तर २००० सालच्या सुमारास जाहीरनामाच काढला, की परकायाप्रवेश हाच या खेळाचा हेतू, बाकी सगळं दुय्यम. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, खेळ म्हटला की नियम आलेच, ज्याला नाटक करायचंय त्यानं नाटक मंडळीत जावं.

मला दोन्ही पटत नाहीत. नियम काढून टाकले की काय होतं ते भातुकलीत बघा. तिथं जी पोरगी दांडगी तिचंच चालतं. ती म्हणेल तेव्हा पाऊस, ती म्हणेल तेव्हा सासूबाई वारल्या. बाकीच्या जणी हळूहळू पात्र सोडून तिचं तोंड बघत बसतात. लहानपणी मी ती तोंड बघणारी होते, त्यामुळे फाशाबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे. फासा दांडगीलाही तेवढाच पडतो.

या वादात मला सगळ्यात उपयोगी वाटलेला मुद्दा जस्टिन अलेक्झांडर या अमेरिकन खेळकाराचा. २००८ साली डंजन्स अँड ड्रॅगन्सची चौथी आवृत्ती आली. तीत तलवारबाजालासुद्धा काही वार 'दिवसातून एकदाच' असे बांधून दिले. मंत्र एकदाच फळतो हे समजू शकतं, पण तलवारीचा वार? सकाळी केला, दुपारी का नाही? खेळणाऱ्याला माहीत आहे की नियमात तसं लिहिलंय, पण पात्राला काय माहीत? अलेक्झांडरनं अशा नियमांना पात्रापासून तुटलेले नियम म्हटलं. मी तो नियम वाचला तेव्हा मला स्वयंपाकघर आठवलं. उद्या कुणी सांगितलं की तुम्हाला दिवसातून एकच फोडणी नीट घालता येईल, तर मी हात धुऊन बाहेर येईन. फोडणी करपते ती तेल जास्त तापलं म्हणून, मोहरी तडतडायच्या आत घाई केली म्हणून. कारण माझ्या हातात असतं आणि ते मला कळतं. नियम पात्राला कळेल असा असला तर तो पाळता पाळता मी पात्रच होते. कळण्यासारखा नसला तर प्रत्येक वेळी मला बाहेर येऊन वर बघावं लागतं.

म्हणून मला तरी आकड्यांचा दोष दिसत नाही. बिनआकड्यांचा नियमही तुटलेला असू शकतो, आणि शुद्ध यांत्रिक नियमही पात्राच्या काळजाला हात घालू शकतो. 'ड्रेड' नावाचा एक भीतीचा खेळ आहे, २००५ सालचा. त्यात फासे नाहीत, जेंग्याचा मनोरा आहे. तेच ते लाकडी ठोकळ्यांचं, पोरं खेळतात ते. अवघड काही करायचं असेल तर मनोऱ्यातून एक ठोकळा काढून वर ठेवायचा. मनोरा पाडला की पात्र गेलं. बास, एवढाच नियम. आम्ही तो गणपतीच्या सुट्टीत भाचीचा जेंगा आणून खेळलो. अंधाऱ्या वाड्यात माझी बाई कडी काढत होती आणि इथं माझी बोटं ठोकळ्यावर थरथरत होती. तिची भीती मला वेगळी आणावी लागली नाही, ती माझ्याच मनगटात होती. शेजारची पोरगी कुजबुजली, "काकू, श्वास घ्या." एवढं चोख जुळलेलं यंत्र मी दुसरं पाहिलं नाही. पण जमतं ते एकाच भावनेपुरतं. मनोऱ्याला भीती येते, माया येत नाही.

मग दिवाळीत लेकीनं 'पेन्ड्रॅगन' आणला. ग्रेग स्टॅफर्ड या खेळकाराचा, १९८५ सालचा. हा गृहस्थ २०१८ साली वारला. इंग्लंडच्या आर्थर राजाच्या दंतकथा त्यानं मॅलरीच्या जुन्या ग्रंथावरून घेतल्या आणि खेळणाऱ्यांना सरदार केलं. लढाई आहे, हिट पॉइंट आहेत, तो भाग नेहमीचाच. नवल आहे ते कागदाच्या दुसऱ्या अंगाला. तिथं स्वभाव लिहिलाय, तेरा जोड्यांत. दयाळू आणि क्रूर. उदार आणि स्वार्थी. क्षमाशील आणि डूख धरणारा. खरा आणि कपटी. नम्र आणि गर्विष्ठ. विश्वास ठेवणारा आणि संशयी. संयमी आणि जिभेचे चोचले पुरवणारा. अशा तेरा. मी वाचत होते आणि मला वाटलं, कुणी आपलं प्रतिक्रमणच इंग्रजीत छापलंय की काय! प्रत्येक जोडीची बेरीज वीस. दया तेरा असेल तर क्रौर्य सात. एक चढलं की दुसरं उतरलंच.

प्रसंग आला की वीस पैलूंचा फासा टाकायचा. दयेच्या आकड्याइतका किंवा त्याच्या आत पडला तर सरदार दया करतो. वर गेला तर उलट बाजूवर टाकायचा. तिथं आत पडला तर तो क्रूर वागतो. दोन्हीकडं हुकलं तरच निर्णय खेळणाऱ्याच्या हाती. आणि वर्षभरात ज्या गुणासारखा तो ठळकपणे वागला त्यापुढं खूण करून ठेवायची. वर्ष संपलं की हिवाळा खेळायचा. घरी बसायचं, खुणांचा हिशेब करायचा. खूण असलेल्या गुणावर फासा टाकायचा, आणि आहे त्या आकड्यापेक्षा जास्त पडला तरच तो गुण एकानं वाढतो. म्हणजे दया पाच असलेल्याची सहज वाढेल, एकोणीसवाल्याला वीसच पडावे लागतील. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि चहा करून आणला. माणूस बदलतो तो वागून बदलतो, आणि जितका पुढं जाईल तितकं पुढचं पाऊल जड, हे ज्यानं फाशात बसवलं त्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

पण हाच नियम खूप जणांना खटकतो, आणि का ते मला त्याच रात्री कळलं. माझ्या सरदाराची दया तेरा, क्रौर्य सात. मी मुद्दाम घेतली होती, दुसरं काय घेणार! सॅक्सन लोकांशी चकमक झाली, आमचे दोघे पडले, आणि शेवटी एक कोवळं पोरगं हत्यार टाकून गुडघ्यावर बसलं. मी म्हणणारच होते की सोडून दे, तेवढ्यात लेक म्हणाली, "दयेवर टाक." टाकला. अठरा. "आता क्रौर्यावर." चार.

"त्यानं मारलं," लेक म्हणाली.

"मी नाही मारलं."

"तू नाही, आई. तो."

मला राग आला. हे कसलं पात्रात शिरणं? माझ्या हातातला निर्णयच काढून घेतला. पेन्ड्रॅगनवरचा मोठा आक्षेप हाच आहे: पात्र माझं, तर त्याचं मन मी ठरवणार, तलवार लागली का ते फाशाला विचारा, दया आली का ते मला विचारा. आक्षेप रास्त आहे. त्या रात्री मी तो पोरींशी तावातावानं मांडला आणि जिंकलेसुद्धा. मग दिवा मालवून पडले तर झोप येईना.

सासूबाईंचं शेवटचं वर्ष आठवलं. त्यांना जन्मभर रात्री पाणी न पिण्याचा नियम. कुणी दिलेला नव्हता, त्यांनी आपण होऊन घेतलेला. शेवटी शेवटी त्यांना त्याचा विसर पडायला लागला. रात्री दोन वाजता हाक मारायच्या, पाणी दे म्हणायच्या. मी द्यायची. एका रात्री चौथ्यांदा उठावं लागलं, दिवसभर पाहुणे झालेले, आणि मी म्हटलं, "तुमचा नियम आहे ना? मग?" त्या गप्प झाल्या. नियम आठवला म्हणून गप्प झाल्या की माझा आवाज ऐकून, ते मला आजतागायत माहीत नाही. थोड्या वेळानं मी पाणी घेऊन गेले, तेव्हा त्यांनी तोंड फिरवून घेतलं.

मला कुणी विचारलं असतं तर मी माझी दया तेराच्या वर लावली असती. त्या रात्री काय करायचं ते मी ठरवलं होतं का? निर्णय घेतला असं मला आठवत नाही. आवाज बाहेर पडला, मग मी तो ऐकला. फासा पडावा तसा. त्यामुळं सकाळी उठून पोरींना सांगितलं, काल मी जिंकले ते चूक होतं. आपलं मन आपल्या मुठीत असतं असं मानून खेळलं तर पात्र म्हणजे माझीच सुधारलेली प्रत होते, आणि तिच्यात शिरायला काय लागतं? पेन्ड्रॅगनमध्ये मी पहिल्यांदा अशा माणसात शिरले जो मला हवा तसा वागला नाही, आणि पुढची दोन वर्षं, म्हणजे खेळातली, तो सरदार त्या पोराचं तोंड विसरू शकला नाही. तसा नियम नव्हता. मीच विसरू दिलं नाही. माझ्यापुरता तिथं कोंबडा आरवला.

म्हणून काही हा खेळ डोक्यावर घेऊन नाचायला नको. त्याच्यात खोटी आहेत. बेरीज वीसच हा आग्रह मला मान्य नाही. एकाच बाईत भरपूर दया आणि भरपूर क्रौर्य एकत्र नांदताना मी पाहिलंय, तुम्हीही घरोघरी पाहिलं असेल. जी सून-जावांना सोलते तीच गल्लीतल्या आजाऱ्याला रोज डबा पोचवते. स्टॅफर्डचा तराजू दोन पारड्यांचा, त्यात ही बाई बसत नाही. शिवाय आकडा सोळा किंवा त्याच्या वर गेला की त्या गुणाची कीर्ती गुणांत मिळते, मग पोरी कीर्तीसाठी उदार व्हायला लागल्या. एकीनं भिकाऱ्याला सोनं दिलं आणि लगेच विचारलं, "खूण करू ना?" दानाची पावती मागण्याचं हे दुखणं आपल्याला अनोळखी नाही, बोर्डावर नाव लागेल ना, विचारतातच की.

आणि सगळ्यात मोठी खोट हिवाळ्यात आहे. ज्या हिवाळ्याचं मघाशी एवढं कौतुक केलं, त्याच हिवाळ्यात सरदाराचं लग्न होतं, मूल होतं, ते मोठं झालं की बाप गेल्यावर तेच आपलं पात्र. पिढ्यान् पिढ्या खेळता येतं, फार सुंदर कल्पना. पण बाळंतपण म्हणजे एक फासा. एका कोष्टकात बघायचं: मूल नाही, मुलगी, मुलगा, जुळं, आई गेली, दोघंही गेली. माझ्या सरदाराच्या चौथ्या हिवाळ्यात 'आई गेली' आलं. मूल वाचलं.

"अरेरे," एक पोरगी म्हणाली, "हरकत नाही, पुढच्या वर्षी दुसरं लग्न करा काकू. जमीन पण येईल." आणि तिनं पुढचा फासा उचलला. पुढचा फासा घोड्यांचा होता. घोडे जगले का त्याचंही कोष्टक आहे.

तिला दोष देत नाही. नियमानं तिला ज्या वेगानं नेलं त्या वेगानं ती गेली. आमच्या आज्जीची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात गेली, आणि घरात तिच्याबद्दल एवढं एकच वाक्य शिल्लक आहे. तिचा नवरा पुढच्या वर्षी पुन्हा बोहल्यावर चढला, तेव्हा हे कोष्टक खोटं आहे असं मी म्हणणार नाही. खरं आहे, पण ते दारात उभ्या राहिलेल्या हिशेबनिसाचं खरं. दयेच्या प्रसंगी जो खेळ मला माणसाच्या आत खेचून नेतो, त्याला बाळंतिणीच्या खोलीपाशी आल्यावर आत जायची बुद्धी होत नाही. तिथं तो १९७४ च्या वजाबाकीवर येतो. आणि मी तरी काय केलं होतं? माझ्या कागदावर घोड्याचं नाव लिहिलं होतं, चेतक. बायकोच्या नावापुढं जागा कोरी होती. तीन हिवाळे ती माझ्या सरदाराच्या घरात होती आणि मी तिला नाव दिलं नव्हतं.

मी पोरींना म्हटलं, घोड्यांचं राहू दे. पडलेला फासा परत घ्यायचा नाही, ते मला चालत नाही, पडला तो पडला. पण तिच्या जाण्याच्या आदला एखादा दिवस आपण खेळू. पुस्तकात तसं कुठं सांगितलेलं नाही, आम्हीच ठरवलं. लेक म्हणाली, मी ती होते. तिनं आधी स्वतःला नाव घेतलं, एलेन. मग शालीत पाय गुंडाळून माझ्यासमोर बसली, फासे सगळे पेटीत होते, आणि तिनं विचारलं, "चार वर्षं झाली, तुम्ही झोपेत कुणाला तरी उठ म्हणता. कोण होता तो?"

मला उत्तर द्यायला बराच वेळ लागला.